भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय : एका सकाळचा वृत्तांत

मागच्या खेपेस बुधवारी जाऊन बंद फाटकावरून परत आलो होतो, म्हणून या वेळी शनिवार निवडला. बुधवारी संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग दोन्ही बंद असतात, हे आधीच सांगून ठेवतो. भायखळा स्थानकावर पूर्वेला उतरून चालत जाता येते.

या संग्रहाचे मूळ १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबईत जमवलेल्या वस्तूंमध्ये आहे. इथला कच्चा माल आणि कारागिरी परदेशी व्यापाऱ्यांना दाखवणे, हा त्यामागचा हेतू होता. १८५७ च्या धामधुमीत फोर्टातील ज्या बराकीत हा संग्रह होता ती लष्कराला हवी झाली, तेव्हा तो घाईने हलवताना बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. पुढे वैद्य व विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड, दानशूर व्यापारी जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी स्वतंत्र इमारतीसाठी वर्गणी जमवली आणि १८६२ साली पायाभरणी झाली. परंतु १८६५ मध्ये कापसाची तेजी ओसरल्यावर शहरातला पैसाच आटला, आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने दार उघडायला १८७२ चा मे महिना उजाडला. ज्यांनी खटपट केली त्यांचे नाव लागायला १९७५ साल यावे लागले, ही मला या वास्तूच्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

आत शिरताच सोनेरी वर्ख, ओतीव लोखंडाचे खांब आणि मध्यभागी राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याचा पुतळा यांनी डोळे दिपतात, आणि नेमकी तिथेच गफलत होते : माणसे छत पाहत फिरतात आणि कपाटे तशीच राहतात. तळमजल्यावरील बिदरीकाम (काळ्या धातूवरचे चांदीचे जडावकाम), चांदीची व तांब्याची भांडी ओझरती पाहिली तरी चालेल. खरा वेळ वरच्या मजल्यासाठी राखावा. तिथे मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. एकेका मूर्तीसमोर वाकून उभे राहिल्यावर पागोट्याचा पीळ आणि नेसण्याची तऱ्हा वेगळी ओळखू येते. माणसांची अशी वर्गवारी करून काचेत मांडण्यामागे राज्यकर्त्यांची नजर आहे, हे खरे. तरीही घडवणाऱ्याच्या बोटांनी त्या चेहऱ्यांना स्वभाव दिला आहे, आणि मी तासभर तिथून हललो नाही. मुंबईच्या मूळ सात बेटांचा, जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशाही याच मजल्यावर आहे. तो मूर्तींच्या आधी पाहिल्यास पुढचे चांगले उमगते.

२००८ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारामुळे वास्तू देखणी झाली आहे, मात्र काचेवर प्रकाशाचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे बारकावे टिपायचे असल्यास किंचित बाजूने पाहावे. मुले बरोबर असतील तर संग्रहालय आधी आणि राणीच्या बागेतले प्राणी नंतर, असाच क्रम ठेवावा. उलट केल्यास ती थकलेली असतात.

बाहेर पडल्यावर लगेच स्थानकाकडे वळू नका. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना फुटला, त्याचे तुकडे इथे आणले गेले, आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन पाहिल्यास त्याच्या अंगावरचे सांधे दिसतात.