फक्त वाचायची परवानगी

सकाळी पावणेसातला सरांचा फोन आला. सर आठच्या आत कधी फोन करत नाहीत.

"अरे, ती मुलगी मला खासगीत जे लिहीत होती, ते आपल्या लेखाखाली कसं आलं?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. गॅसवरचा चहा तसाच बंद केला आणि लॅपटॉप उघडला.

सर भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांची छोटी साइट मी सांभाळतो, मोबदला म्हणून मे महिन्यात आंब्याची पेटी येते. साइटवर पूर्वी वाचकांसाठी साधी चौकट होती, पण तिच्यात वाचकांपेक्षा झटपट कर्ज देणारेच जास्त लिहायचे. रोज शंभरेक कर्जवाले उपसून दोन खरे वाचक शोधायचे, याला सर कंटाळले. ते मास्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर आहेत. ऑक्टोबर 2019 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि नोव्हेंबरमध्ये भारतातून एक लोंढा मास्टोडॉनकडे वळला, त्यात सरही गेले. लोंढ्यातले बरेचसे परतले, सर राहिले. एक दिवस म्हणाले, "लोक तिकडे मला इतकं छान लिहितात. तेच लेखाखाली दिसलं तर?"

दिसू शकतं. मास्टोडॉन कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एकाच भाषेत एकमेकांशी बोलतात, ईमेलसारखे. पोस्टचा क्रमांक देऊन सर्व्हरला विचारलं, की तिच्याखालची उत्तरं तो मुकाट्याने हातात देतो. लॉगिन नको, पैसे नकोत. लेख टाकायचा, त्याची पोस्ट मास्टोडॉनवर करायची, आणि त्या पोस्टची उत्तरं लेखाखाली आणून मांडायची. एका रविवारी बसून केलं, आणि वर्षभर त्याने काही त्रास दिला नाही.

मग सरांनी जांभ्या दगडावर लेख लिहिला. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात अंगाडिपुरमला हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 मध्ये त्याला लॅटेराइट असं नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून. जमिनीतून काढताना मऊ, वारा लागला की टणक. यावर माणसं तुटून पडली. कोकणातले चिऱ्यांच्या खाणींबद्दल लिहायला लागले, केरळातला एकजण म्हणाला, आमच्याकडे याला वेट्टुकल्लु म्हणतात, म्हणजे कापलेला दगड. उत्तरं सत्तरीच्या पुढे गेली, पण लेखाखाली साठच दिसत होती. लॉगिन न करता विचारलं तर मास्टोडॉन खालची साठच उत्तरं देतं. लॉगिन करून विचारलं तर ही मर्यादा 4096 होते.

इथे मी शहाणपणा केला.

सरांच्या खात्यातून एक टोकन काढलं. टोकन म्हणजे चावीच. ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये जाऊ नये एवढी अक्कल होती, म्हणून दर तासाला आमच्याच सर्व्हरने उत्तरं आणून फाइलीत लिहावीत अशी सोय केली. परवानग्यांच्या यादीत सगळ्या खुणा काढून एकच ठेवली, पोस्ट वाचण्याची. लिहिता येणार नाही, पुसता येणार नाही, सरांच्या नावाने कुणी काही टाकू शकणार नाही. नुसतं वाचून काय बिघडणार? रात्री अकराला बसवलं, सगळी उत्तरं दिसली, खूश होऊन झोपलो.

आता त्या फाइलीत शोधत होतो. प्रत्येक उत्तरापाशी 'व्हिजिबिलिटी' म्हणून एक ओळ असते. पब्लिक, पब्लिक, पब्लिक, खाली खाली जात राहिलो. मग डायरेक्ट, म्हणजे खासगी. पुन्हा डायरेक्ट. आणि आणखी एक.

एकूण चौऱ्याहत्तर उत्तरांपैकी तीन. सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने आधी जाहीर उत्तर दिलं होतं, गावच्या घराच्या चिऱ्यांबद्दल. त्यानंतर त्याच धाग्यात, फक्त सरांना दिसेल असं निवडून, तिने वेगळंच काहीतरी लिहिलं. घरच्यांनाही न सांगितलेलं. सरांनी तसंच खासगीत उत्तर दिलं, तिने पुन्हा लिहिलं. ते काय होतं ते इथे लिहीत नाही. मी एकदा छापलं तेवढं पुरे.

टोकनशिवाय विचारत होतो तेव्हा सर्व्हरला मी कुणीतरी परका होतो, म्हणून तो सगळ्यांसाठी असलेलंच देत होता. टोकन दाखवल्यावर त्याच्या लेखी मी सर झालो. सरांना जे जे दिसतं ते सगळं त्याने दिलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याला काय ठाऊक, सर हे सगळं चव्हाट्यावर मांडणार आहेत म्हणून!

आधी फाइल रिकामी केली. मग वेगासाठी जी नक्कल मध्ये ठेवतो ती पुसली, नाहीतर फाइल रिकामी होऊनही जुनंच पान दिसत राहतं. सरांच्या खात्यातून टोकन रद्द केलं. गूगलने पान उचललं नव्हतं, ते दोनदा पाहिलं. शेवटी लॉग उघडला. रात्री अकरापासून लेख एकेचाळीस वेळा उघडला गेला होता, त्यातले बरेचसे पहिल्या साडेसहा तासांतले नव्हेच, पहाटे साडेपाचनंतरचे. तेव्हा काय झालं? सरांनी फिरायला जाताना लेखाची लिंक माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. त्याच ग्रुपवर तीही होती. तिच्या वर्गातल्या एकाने सरांना एकट्याला कळवलं, ग्रुपवर बोलला नाही, हे त्याचे उपकार.

मी सरांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं आणि म्हणालो, "चूक माझी आहे, तिला मीच सांगतो."

"तू तिला कोण? मी लावतो," म्हणाले. "माझ्या भरवशावर तिने लिहिलं होतं."

अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला, तेव्हा फक्त म्हणाले, "तिचं चिऱ्यांचं उत्तर राहू दे म्हणाली." बाकी बोलणं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माफीची चार ओळींची मेल मी तरीही पाठवली. त्या मेलला उत्तर आलेलं नाही आणि यायची अपेक्षाही नाही.

दुपारी सगळं परत टोकनशिवाय केलं. शिवाय एक गाळणी बसवली: पब्लिक असेल तेच छापायचं. 'अनलिस्टेड' हा प्रकार सगळ्यांना वाचता येतो, पण ज्याने तो निवडला त्याला फार गवगवा नको असतो, म्हणून तोही वगळला. आणि फाइल दर तासाला कोरी करूनच लिहायची, म्हणजे कुणी तिकडे उत्तर पुसलं तर तासाभरात इथूनही जाईल.

पंधरा दिवसांनी एका गृहस्थांची सरांकडे तक्रार आली, की त्यांनी जांभ्यावर एवढं सविस्तर लिहिलं आणि लेखाखाली ते दिसतच नाही. पाहिलं, तर ते साठांत बसत नव्हतं. मी सरांना म्हटलं, काहीतरी मार्ग काढू का?

"नको रे बाबा. त्यांना म्हणावं, तिकडे जाऊन वाचा."