डेट्रॉइट, पस्तीस मिनिटं आणि एक उतरलेली बॅटरी

डेट्रॉइटला तीन आठवडे होतो. त्यातले साडेवीस दिवस सांगण्यासारखे नाहीत. मीटिंग, सप्लायरचा प्लांट, पुन्हा मीटिंग. चाकणला जे करतो तेच, फक्त चहा वाईट. हे लिहितोय ते उरलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल.

राहायला नोव्हायला होतो, आतेभावाकडे. कंपनीने हॉटेल देऊ केलं होतं, पण आत्या सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेली. "मी इथे असताना तू हॉटेलात राहणार?" एवढं तिने विचारलं आणि हॉटेल रद्द झालं. नोव्हाय म्हणजे आपल्या माणसांनी गजबजलेलं उपनगर. चकलीची भाजणी मिळते, गणपती बसतात, आणि पंधरा-पंधरा वर्षं तिथे राहिलेली माणसं डेट्रॉइट शहराचं नाव काढलं की आवाज खाली आणतात. "तिकडे कशाला जायचंय?" मला हे ऐकून ऐकून वैताग आला होता. शहराच्या नावावर जगायचं, नोकरी कुठे तर 'डेट्रॉइटला' म्हणून गावाकडे सांगायचं, आणि शहर बघायचं ते विमानतळाला जाताना काचेतून.

मला जायचं होतं २६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या पत्त्यावर. एका जुन्या घरात. त्याला कारण एक कॅसेट.

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर माझा रूममेट मडगावचा होता. त्याचा मामा तारवटी, बोटीवरून येताना कॅसेटी आणायचा. त्यातली एक अमेरिकन गायक मार्व्हिन गेची 'व्हॉट्स गोइंग ऑन'. पहिली बाजू म्हणजे एकच लांबलचक गाणं आहे असं मला वर्षभर वाटत होतं, कारण मध्ये कुठे थांबायला जागाच नाही. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यातूनच निघतं. सुरुवातीला आठ-दहा पोरं कुठेतरी जमल्यासारखा गलका ऐकू येतो, काय रे कसं काय वगैरे. आमच्या मेसच्या दारात रात्री साडेआठला असायचा तसाच. शब्द निम्मे कळायचे नाहीत. गोड आहे, मऊ आहे, सबमिशनच्या रात्री लावायला बरं आहे, एवढंच मत होतं. ही माणसं युद्धाबद्दल, बेकारीबद्दल, समुद्रात सांडलेल्या तेलाबद्दल बोलताहेत हे कळायला मला चार-पाच वर्षं लागली. एके दिवशी बसमध्ये हेडफोनवर ऐकताना एकदम वाक्यं लागायला लागली आणि मी चिंचवडचा स्टॉप सोडून आकुर्डीला उतरलो.

तर शनिवारी निघालो. भाऊ म्हणाला, गाडी ने, पण संध्याकाळच्या आत ये. आत्या म्हणाली, मी येते. घरात बसून तिला कंटाळा आला होता. बाहेर पडावं तर फूटपाथ नाही आणि चालत निघालं तर लोक गाडी थांबवून 'सगळं ठीक आहे ना' विचारतात. तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेतला. आय-९६ धरला की पाऊण तासाचा रस्ता. शेवटी शेवटी दोन घरांमध्ये मोकळे प्लॉट दिसायला लागतात, गवत वाढलेले. १९६७च्या जुलैत इथून मैल-दोन मैलांवर पोलिसांच्या एका धाडीवरून दंगल पेटली, त्रेचाळीस माणसं मेली. शहर त्याआधीच रिकामं व्हायला लागलं होतं, नंतर तो वेग वाढला. आत्या खिडकीतून बघत होती. "गिरणगावासारखं वाटतंय," म्हणाली. तिचं माहेर परळचं.

घर अगदी साधं. दोन मजली, पांढरं, निळ्या चौकटी, वर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' आता ते संग्रहालय आहे. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर कर्ज काढून मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली, मार्व्हिन तिचाच गायक. घरच्यांकडून म्हणजे, त्यांच्यात सगळे भाऊबहीण महिन्याला पैसे टाकायचे असा एक कौटुंबिक निधी होता. आत्याला मी 'भिशी' एवढंच सांगितलं आणि तिला सगळं समजलं. हा गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता. तिथेच त्याच्या डोक्यात आलं, की एका दारातून साधा पोरगा आत जावा आणि दुसऱ्या दारातून स्टार बाहेर पडावा. लिहिणारे, वाजवणारे, चालणं-बोलणं शिकवणारे, सगळे एकाच छताखाली. शुक्रवारी क्वालिटी कंट्रोलची मीटिंग! आठवड्याभराची गाणी लावायची, मतं घ्यायची, पास-नापास करायचं. मी गेली एकोणीस वर्षं क्वालिटीत आहे. या वाक्याला मी एकटाच एवढ्या मोठ्याने हसलो की पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

आत छोटंसं चॉकलेटचं मशीन आहे. मोटाउनचा गायक स्टीव्ही वंडर तेव्हा लहान होता, दिसत नव्हतं, म्हणून त्याच्या आवडीचं चॉकलेट कायम उजवीकडून चौथ्या खणात ठेवायचे. पोराने हात लावून मोजायचं आणि घ्यायचं. आत्या चाळीस वर्षं शाळेत शिकवायला होती. त्या मशीनपुढून ती हलेना. वरच्या मजल्यावर छताला एक भोक आहे, त्याच्या वरची पोकळी ते गाण्यात घुमारा आणायला वापरायचे. आम्हाला खाली उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. "आडात हाक मारल्यासारखं," आत्याचा शेरा.

मग स्टुडिओ ए. मागच्या बाजूची बेताची खोली, दोन-चार पायऱ्या उतरून जायचं. वरून केबली लोंबायच्या म्हणून वाजवणारे हिला 'स्नेकपिट' म्हणायचे, सापांचा खड्डा. मी तिथे हात जोडण्याच्या तयारीने गेलो होतो हे आता कबूल करतो. १९७०च्या जूनमध्ये याच जमिनीवर ते शीर्षकगीत ध्वनिमुद्रित झालं. बेस वाजवणारा जेम्स जेमरसन त्या दिवशी इतका प्यायलेला होता, की स्टुलावर बसता येईना, म्हणून त्याने जमिनीवर उताणं पडून वाजवलं, असं सांगतात. मी ती जमीन बघत होतो. नेमकी कुठे पडला असेल? पियानोजवळ? आणि तेवढ्यात आम्हाला दोन रांगांत उभं करून टेम्प्टेशन्स या मोटाउनच्याच गायकांच्या गटाच्या गाण्यावर नाच शिकवायला सुरुवात झाली. हात इकडे, खांदा तिकडे, गिरकी.

माझं तोंड वाकडं झालं. तक्रार खरं तर माझीच. बाकी वीस माणसं आनंदात होती आणि गाइड झकास होती. पण मी देवळात आलो होतो आणि बाकी सगळे लग्नात. सगळ्यात आधी पाय टाकला आत्याने. पांढऱ्या स्निकर्सवर साडी, वरून लेकाचं जाकीट, आणि गिरकी अशी घेतली की गाइडबाईंनी तिला पुढच्या रांगेत घेतलं.

बाहेर आलो तर पावसाची भुरभुर. तीच, अल्बमच्या कव्हरवर मार्व्हिनच्या केसांवर दिसते तशी. तोही फोटो डेट्रॉइटचाच आहे, त्याच्या घराच्या मागच्या अंगणातला. काळा रेनकोट, कॉलर वर, केसांवर थेंब. गाडी गल्लीत लावली होती. मी म्हटलं, "आत्या, अर्धा तास बसशील? एक ऐकायचंय." तिने डबा उघडला. मी किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा पंखा चालू ठेवला, फोन जोडला. पूर्ण अल्बम पस्तीस मिनिटांचा.

सुरुवातीलाच सॅक्सोफोन. तो एलाय फॉन्टेन नुसता हात मोकळा करत होता, टेप चालू होती. मार्व्हिन म्हणाला झालं, घरी जा. फॉन्टेन म्हणाला मी तर गंमत करत होतो. तीच गंमत आज जगभर वाजते. मग आवाज सुरू झाला. आत्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, "दोघं भाऊ का रे हे?"

"एकच आहे. तोच दोनदा."

"छे. एक पुढे बोलतोय, दुसरा मागून हो हो करतोय."

तिला सांगितलं ते असं. मार्व्हिनने ते गाणं दोन तऱ्हांनी गाऊन ठेवलं होतं, कुठलं घ्यायचं ते ऐकून ठरवू म्हणून. ऐकवणाऱ्याने चुकून दोन्ही ट्रॅक एकदम लावले. आमच्याकडे हे झालं असतं तर रिजेक्शनचा लाल टॅग, कारणमीमांसा, जबाबदार व्यक्तीची सही. मार्व्हिनने म्हटलं, असंच ठेवा. पुढे आयुष्यभर तो असाच गायला, स्वतःशीच जोडीने.

पण भावाबद्दल आत्याचं फार चुकलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामला होता, तिथून पत्रं यायची. गाण्याची मूळ कल्पना मात्र फोर टॉप्समधल्या ओबी बेन्सनची. त्याने १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात, बर्कलीला, पोलीस पोरांना झोडपताना पाहिलं. त्याच्या गटाने गाणं नाकारलं, निषेधाचं नको म्हणाले. ते मार्व्हिनकडे आलं तेव्हा तो खोल गाळात होता. जिच्याबरोबर इतकी युगुलगीतं गायला ती टॅमी टेरेल १९७०च्या मार्चमध्ये, चोविसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीने गेली होती. त्याने मंच सोडला होता. फुटबॉल खेळाडू व्हायचं खूळ घेऊन डेट्रॉइट लायन्सच्या मागे लागला होता. सुरुवातीच्या गलक्यात त्या संघातले दोघे आहेत, मेल फार आणि लेम बार्नी. गॉर्डीला गाणं अजिबात पसंत पडलं नाही. आणि गॉर्डी नुसता मालक नव्हता, बायकोचा भाऊ. मार्व्हिनने संप केला: हे काढत नाही तोवर दुसरं गाणार नाही. शेवटी १९७१च्या जानेवारीत विक्री खात्यातल्या लोकांनी गॉर्डीला न विचारता रेकॉर्ड बाजारात सोडली. हातोहात गेली. मग मेहुण्याचा सूर बदलला, पूर्ण अल्बम हवा म्हणाला, तोही लगोलग. मे महिन्यात आला. विक्रीवाल्यांनी क्वालिटीला डावलून परस्पर काढलेला माल इतका चांगला निघाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण आहे, आणि कृपया हे आमच्या सेल्सला कोणी पाठवू नका.

दुसरं गाणं लागलं. मी सांगितलं, हा लढाईवरून परत आलाय, मित्राला विचारतोय, काय चाललंय इथे, काम मिळतंय का कुठे.

"मिळालं का मग?"

"गाण्यात नाही सांगितलेलं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचे यजमान, आमचे काका, गिरणीत होते. ८२च्या संपानंतर. एवढंच.

मला या रेकॉर्डचं काय आवडतं ते त्या गाडीत बसून नीट कळलं. हा माणूस ओरडत नाही. मोर्चात पुढे उभं राहून गळा काढणारी गाणी त्या काळात पुष्कळ झाली असतील. हा दारात उभा राहून विचारतो. आईला हाक मारतो, भावाला, वडिलांना. घरच्या माणसाने स्वयंपाकघरात येऊन विचारावं, तसं. म्हणून ते कामाच्या वेळी मागे लावता येतं, आणि म्हणूनच कधीतरी बेसावध असताना लागतं. चिडून म्हटलेलं असतं तर मी तेव्हाच 'बरोबर आहे' म्हणून विसरलो असतो.

"आता कुठे असतो हा?" आत्याने विचारलं.

मी आधी टाळणार होतो. "गेला. १९८४ला. १ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस पूर्ण झाले असते."

"कशाने?"

"वडिलांनी गोळी घातली. घरात भांडण झालं होतं."

तिच्या हातात पुरी होती. "बापानं?" एवढंच म्हणाली, आणि पुरी पुन्हा डब्यात ठेवली. झाकण लावलं. गाण्यात तेव्हा मुलांबद्दल चाललं होतं, त्यांना कोण वाचवणार वगैरे. मी आवाज कमी करायला हात नेला, तर म्हणाली, "राहू दे."

आणि मग, दुसऱ्या बाजूचं मधलं गाणं चालू असताना, पंखा बसला. स्क्रीन गेली. गाणं गेलं. किल्ली फिरवली तर टक, टक, टक. धुक्यात येताना लावलेले हेडलाइट मी तासभर टूरला गेलो तेव्हाही बंद केले नव्हते, वर अर्धा तास पंखा. गाडी बारा वर्षांची. एकोणीस वर्षं मोटारीच्या धंद्यात, आणि मोटारीची राजधानी म्हणवणाऱ्या गावात मी बॅटरी उतरवून बसलो. भावाला फोन करणं म्हणजे 'सांगत नव्हतो?' ऐकणं. आत्याच म्हणाली, "त्याला नको सांगू."

समोरच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ आले. आमचं बॉनेट उघडं बघून काही न विचारता त्यांनी स्वतःची गाडी आणून समोर लावली, डिकीतून जम्पर केबल काढल्या. मी केबल लावायला पुढे झालो तर त्यांनी हाताने बाजूला सारलं. लाल कुठे, काळी कुठे हे मला माहीत असेल असं माझ्या तोंडावर दिसत नसावं. गाडी सुरू झाली आणि त्याबरोबर फोन जोडला जाऊन गाणं जिथे तुटलं होतं तिथून लागलं. त्यांनी वाकून ऐकलं. मान हलवली. मी मोठ्या अपेक्षेने विचारलं, हा तुमच्या आवडीचा का?

"ठीक आहे," म्हणाले. "मी टेम्प्टेशन्सवाला."

हे मात्र आत्याला भाषांतर न करता कळलं. तिने खिडकीची काच खाली घेतली, डबा पुढे केला आणि बसल्या जागी खांद्याची ती हालचाल करून दाखवली. त्यांनी दोन पुऱ्या घेतल्या, भर पावसात, रस्त्यात उभं राहून, तिला पुढची स्टेप दाखवली.

वीस मिनिटं इंजिन बंद करू नका, त्यांनी बजावलं. म्हणून आम्ही बंद केलंच नाही, तसेच निघालो. आय-९६ लागेपर्यंत आत्याने टेम्प्टेशन्स लावायला सांगितलं होतं. मार्व्हिनचं शेवटचं गाणं राहिलं.