डिमरच्या टेबलावरून दिसणारं गॅदरिंग

डिसेंबर लागला की शाळेच्या पटांगणात बांबू येऊन पडायचे. मग फळ्यांचं स्टेज, लाल झालर, मागे निळा पडदा आणि प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेमागे एक डुगडुगतं टेबल. त्या टेबलावर बारा फेडरचा बोर्ड, म्हणजे एकेका दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बारा सरकत्या दांड्या. इथून दिसणारं गॅदरिंग जरा वेगळं असायचं. मुलं गणेशवंदना म्हणत असायची आणि इथे पुढच्या कोळीनृत्याचे टक्के लावायचं काम चाललेलं असायचं.

डिमर म्हणजे दिव्याची वीज कमी-जास्त करणारं साधन. त्याआधीची पिढी मिठाच्या पाण्याच्या डिमरची. बरणीत पाणी, त्यात मूठभर मीठ, तळाशी धातूची एक पट्टी आणि दोरीला टांगलेली दुसरी. वरची पट्टी खाली सोडली की दोन्हींतलं अंतर घटतं, विरोध कमी होतो, दिवा उजळतो. मीठ जास्त पडलं तर फ्यूज जायचा, कमी पडलं तर पट्टी कितीही खाली सोडा, दिवा पिवळाच. शिवाय पाणी तापत जाईल तशी त्यातून वीज जास्त वाहते, त्यामुळे दुपारच्या तालमीत दोरीला मारलेली खूणगाठ रात्री वाफा निघू लागल्या की चुकीची ठरायची. उघड्या पाण्यात २३० व्होल्ट. आठवण म्हणून ठीक आहे, पुन्हा करून बघण्यासारखं त्यात काही नाही.

थायरिस्टरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिमर आले आणि बरणी अडगळीत गेली. बोर्डावरून डिमरला शून्य ते दहा व्होल्टचा नाजूक इशारा जायचा, जड वीज लांब स्टेजच्या बाजूलाच राहायची. गणित मात्र सुटलं नाही. हजार वॉटचे बारा हॅलोजन म्हणजे १२ किलोवॉट, २३० व्होल्टवर सुमारे ५२ अँपिअर. शाळेच्या ऑफिसातून ओढलेल्या एका वायरीवर ते चालणं शक्यच नाही. म्हणून थ्री-फेज, म्हणजे तीन वेगळ्या वायरींतून येणारी वीज घ्यायची आणि फेजवर चार-चार दिवे वाटायचे, म्हणजे प्रत्येकी साडेसतरा अँपिअर. न्यूट्रल, म्हणजे तिन्हींची परतीची वायर, इथे फेजइतकाच जाड हवा, त्याहून जाड असला तर उत्तम. डिमर विजेची लाट कापून देतो, आणि त्या कापलेल्या तुकड्यांतला काही भाग तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये साठत जातो. न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहिला तर काही दिव्यांवर व्होल्टेज वाढून ते पटापट उडतात. मुलांना ते फटाके वाटायचे.

हीच कापलेली लाट साउंडवाल्याच्या भांडणाचं मूळ. फेडर मधोमध ठेवले की माइकमधून भुंग्यासारखी घूं घूं येते, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली नेले की थांबते. उपाय साधा: साउंडला वेगळा फेज, आणि माइकच्या वायरी डिमरच्या वायरींच्या शेजारून न नेता, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडायच्या. हे दुपारी दोन वाजता करायचं काम. साडेसहाला पाहुणे आल्यावर वायरी उचलत बसणाऱ्याला मुख्याध्यापकांची नजर सोसावी लागते.

बोर्डावर फेडरच्या दोन ओळी असतात, वर ए, खाली बी. दोन्हींचे दिवे तेच. ए चालू असताना बीचा मास्टर, म्हणजे अख्ख्या ओळीचा एकत्रित फेडर, शून्यावर. पुढचा प्रसंग बीवर निवांत लावून ठेवायचा आणि वेळ आली की दोन्ही मास्टर एकदम सरकवायचे. पुष्कळ बोर्डांवर बीचा मास्टर उलटा असतो, म्हणजे खाली नेला की पूर्ण. वेडेपणा वाटतो, पण त्यामुळे दोन्ही मास्टर दोन बोटांनी एकाच दिशेला ढकलले की एक प्रसंग उतरतो आणि दुसरा चढतो. मास्टर दोन्हीही सरळ असले, तर नवा निम्मा चढल्यावरच जुना उतरवायला घ्यावा. नाहीतर मध्ये उजेड खड्ड्यात पडल्यासारखा बसतो. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे पुढचा प्रसंग चालू ओळीवरच लावायला घेणं. स्टेजवर शिवाजी महाराज बोलत असतात आणि त्यांच्या डोक्यावर कोळीवाड्याचा निळा चढू लागतो. दुसरी चूक ग्रँड मास्टर, म्हणजे सगळ्या बोर्डाचा एकच फेडर, अर्ध्यावर विसरणं. मग सगळे फेडर वर असूनही स्टेज मळकट दिसतं.

फेडरखाली पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने लिहायचं: डावा चेहरा, उजवा चेहरा, मागचा निळा, विंग अंबर, सिंहासन. नुसते आकडे लिहिणाऱ्याला अंधारात आठ म्हणजे कोण ते आठवत नाही. कागद वाचायला टॉर्चवर निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. कार्यक्रम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी सगळे दिवे पाच ते दहा टक्क्यांवर तापवून ठेवायचे. थंड फिलामेंटचा विरोध फार कमी असतो, एकदम पूर्ण दिला की विजेचा लोंढा येतो आणि दिवा जातो. जानेवारीच्या थंडीत उघड्या मैदानावर हे आणखी खरं. नवा हॅलोजन बसवताना काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलकट डागापाशी काच फुगते.

रंगांवरून बाईंचं आणि लाइटवाल्याचं दरवर्षी व्हायचं. “दादा, कोळीनृत्य आहे, सगळं निळं करा ना, समुद्र वाटला पाहिजे!” सगळं निळं केलं की पिवळी लुगडी काळपट होतात आणि चेहरे जातात. चौथीतल्या मुलीची आई पंधराव्या रांगेत मान उंचावून बसलेली असते. तिला समुद्राशी काय देणंघेणं? निळा मागच्या पडद्यावर आणि विंगेतून टाकावा, समोरून फिका पिवळसर ठेवावा. लाल लुगड्यावर हिरवा पडला तर लुगडं काळं दिसतं, तोंडावर हिरवा पडला तर मूल आजारी. समोरचे दोन स्टँड स्टेजच्या दोन कोपऱ्यांकडे, दिवे निदान बारा फूट उंच आणि कोन पंचेचाळीस अंशांच्या आसपास; त्याहून खाली असले की मागच्या पडद्यावर राक्षसासारख्या सावल्या नाचतात. चार रंगांची जिलेटिनं लावलेली पत्र्याची चक्री मात्र हवीच हवी. स्पॉटसमोर ती हाताने फिरवायला एक नववीतला मुलगा बसवायचा, आणि त्याला गाण्याची लय समजत असली तर त्याच्यासारखा माणूस नाही.

लहान गटाच्या नाचानंतर पूर्ण ब्लॅकआउट कधीच द्यायचा नाही. बालवर्गाची मुलं अंधारात जागच्या जागी रडू लागतात, एखादं स्टेजच्या कडेला जातं. मागचा निळा पंधरा टक्क्यांवर ठेवला की प्रेक्षकांना अंधार वाटतो आणि बाईंना मुलं दिसतात. राज्याभिषेकाला उजेड तुतारीच्या आधी नाही, तुतारी वाजू लागल्यावर. उजेड क्षणभर उशिरा आला तर ते योजलेलं वाटतं, आधी आला तर मावळा टोपी सारखी करताना सापडतो.

मग एलईडी पार, म्हणजे रंग बदलणारे डबासारखे एलईडी दिवे आले आणि बारा फेडरच्या जागी छोटा डीएमएक्स कंट्रोलर. डीएमएक्स ५१२ हा दिव्यांना हुकूम पाठवण्याचा संकेत १९८६ सालचा; एका वायरीतून ५१२ चॅनल, म्हणजे ५१२ वेगवेगळे इशारे, प्रत्येकाला ० ते २५५ पायऱ्या. मंडपवाल्यांकडे सर्रास दिसणाऱ्या १९२ चॅनलच्या कंट्रोलरला बारा फिक्श्चर, म्हणजे दिवे चालतात, प्रत्येकी सोळा चॅनल. म्हणून दिव्यांचे पत्ते १, १७, ३३, ४९ असे. दिव्यामागे छोटी बटणं असतील तर १७ साठी पहिलं आणि पाचवं वर, ३३ साठी पहिलं आणि सहावं. दोन दिव्यांना एकच पत्ता दिला तर ते जुळ्यांसारखे वागतात, आणि कधीकधी तेच हवं असतं.

प्रोग्रॅमचं बटण दाबून धरायचं, कंट्रोलरवरचा छोटा दिवा लुकलुकला की फिक्श्चर निवडायचा, फेडर लावायचे, ‘मिडी’ लिहिलेलं बटण दाबून सीनचं, म्हणजे प्रसंग साठवायचं बटण दाबायचं. बाहेर पडताना पुन्हा प्रोग्रॅम दाबून धरायचं. इथे गंमत आहे: बाहेर पडल्यावर हा कंट्रोलर ब्लॅकआउटमध्ये असतो. ब्लॅकआउटचं बटण पुन्हा दाबलं नाही तर स्टेज काळंच राहतं आणि सगळे वायरी तपासत धावतात. वायरीही तपासाव्यात म्हणा. डीएमएक्सच्या वायरीच्या जागी माइकची वायर जोडली की शेवटचे दोन-तीन पार वेड्यासारखे लुकलुकतात. शेवटच्या दिव्यात दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर घातलेला प्लग लावला की बरेचदा शांत होतात.

एलईडीला हॅलोजनसारखं विझता मात्र येत नाही. हॅलोजन उतरताना तांबूस होत जायचा, दिवेलागणीसारखा. एलईडी शेवटच्या पाच टक्क्यांत पायरी चुकल्यासारखा बंद होतो. ते झाकायला तो विझण्याआधी जरासा लाल वाढवायचा आणि एक जुना हॅलोजन सोबत ठेवायचा.

बक्षीस समारंभाला कलाकुसर बंद. सगळे पांढरे पूर्ण वर, फोटोवाल्याला खूश करायचं. वंदे मातरम झालं की फेडर हळूहळू खाली, मंडपातल्या ट्यूब चालू. हॅलोजन पंधरा-वीस मिनिटं गार झाल्याशिवाय हलवायचे नाहीत, तापलेला फिलामेंट धक्क्याने तुटतो. तेवढ्यात खुर्च्या एकात एक रचल्या जातात, आणि बोर्डावरची चिकटपट्टी सोलून काढायची, ‘सिंहासन’ लिहिलेला तुकडा सगळ्यात शेवटी.