आमची चिठ्ठी, त्यांची चिट

इंग्रजीच्या सरांचा विषय निघाला की मला त्यांनी शिकवलेल्या कवितांच्याही आधी ‘चिट’ हा शब्द आठवतो. वाचनात कुठेतरी एका मुलीला ‘चिट’ म्हटलं होतं. चिठ्ठीचा आणि मुलीचा काय संबंध, असं कोणीतरी विचारलं. सरांनी शिपाईकाकांना वाचनालयातला जाडजूड कोश आणायला पाठवलं आणि धडा तिथेच राहिला.

कोशात ‘चिट’च्या वेगवेगळ्या नोंदी होत्या. एक चिट म्हणजे प्राण्याचं पिल्लू. हा अर्थ पार चौदाव्या शतकातला. पुढे तो एवढ्याशा, पण तोंडाने तिखट पोरीला लागू झाला. दुसरी चिट म्हणजे मोड. इंग्लंडमध्ये बियाण्याचे बटाटे लावण्याआधी उजेडात ठेवून त्यांना कोंब फुटू देतात, त्याला आजही ‘चिटिंग’ म्हणतात. निम्मा वर्ग शेतकऱ्यांच्या घरचा, त्यामुळे हे समजावून सांगावं लागलं नाही.

तिसरी चिट मात्र आपल्याकडची. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब नोकरांच्या हाती एकमेकांना चिठ्ठ्या पाठवू लागले. आधी ‘चिटी’, मग नुसतं ‘चिट’. क्लबात रोख पैसे न देता साहेब चिटवर सही करायचे. यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा इंग्रजीत रुळलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश काढला, त्यातही तिला जागा मिळाली. हीच चिठ्ठी आपल्या ‘चिटणीस’मध्ये आहे, हे सांगताना सरांनी शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं नाव घेतलं, तेव्हा अंगावर काटा आला. आणि वर्तमानपत्रांतली ‘क्लीन चिट’ तर विलायती पोशाखात परत आलेली आपलीच लेक!

उत्साहाच्या भरात एकाने ‘चिटचॅट’ही आपलाच म्हणून टाकला. सरांनी ठामपणे नाही म्हटलं. तो ‘चॅट’चाच जोडशब्द, आपल्या गप्पाटप्पांसारखा. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं नाही, आधी नोंद बघायची, हा त्यांचा आग्रह असे. अभिमान आणि पुरावा एकाच तासात शिकवणारा शिक्षक मला पुढे कॉलेजातही भेटला नाही.

शाळेच्या महोत्सवानिमित्त आम्ही माजी विद्यार्थी वाचनालयाला नवा इंग्रजी कोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश देत आहोत. शाळेला एकच विनंती आहे: हे कोश कुलपात ठेवू नका. पाचवीतल्या मुलाचाही हात पोहोचेल अशा फळीवर ठेवा, पानं फाटली तर आम्ही पुन्हा बांधून देऊ.