पाणसळ खरी की डोळा?

उताराच्या जमिनीवर रोपांसाठी लाकडी पेटी बसवली. काकू एवढंच म्हणाल्या, "पेटी वाकडी बसली का रे?" आणि पुढे निघूनही गेल्या. तेव्हापासून डोक्यात तेच.

पेटी वाकडी नाही. वरच्या काठावर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवली की बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे. पाणसळच खोटी असेल म्हणून तिची टोकं अदलून त्याच जागी पुन्हा ठेवली. खोटी असती तर बुडबुडा दुसरीकडे सरकला असता. जागचा हलला नाही. दोन्ही कर्णही सारखे, १३४ सेंमी, म्हणजे कोपरेही काटकोनात.

मग दिसते का तशी? जमीन १२० सेंमीला १५ सेंमी उतरते. डोळा जमिनीलाच सरळ धरून चालतो, म्हणून सपाट काठ त्याला उताराच्या अंगाने उचलल्यासारखा वाटतो. तेही फक्त बाजूने बघताना. समोरून कुणाला शंका येणार नाही, कारण १२० सेंमीची लांब बाजू उताराला आडवी आहे. उतार फक्त ६० सेंमीच्या रुंदीत येतो, म्हणजे साडेसात सेंमीचाच फरक. लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली असती तर एक टोक १५ सेंमी अधांतरी. काकूंनी नेमकं बाजूनेच बघायचं होतं!

तो फरकही वरची बाजू खणून काढलाय, खाली भराव टाकून नाही. भराव चोपला तरी मोठ्या पावसात खचू शकतो आणि मग पेटी खरोखरच कलंडते. तळ उघडा ठेवलाय, म्हणून खडी फक्त फळ्यांखालच्या चरात, पाचेक सेंमी, धुम्मसाने ठोकून घट्ट केलेली. मागे वरच्या अंगाला दुसरा चर, दोन्ही बाजूंनी पाणी वळवणारा. तो नसेल तर उतारावरून येणारं पाणी मागच्या फळीला थडकतं, गाळ साचतो, लाकूड आधी तिथूनच कुजतं. वाट मिळालीच तर पेटीखालून शिरतं आणि पुढची माती घेऊन जातं.

आणि यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. सगळं मातीखाली. दिसतो तो काठ, आणि तो म्हणे वाकडा. खणून दुखणाऱ्या माझ्या पाठीचं तर बोलायलाच नको.

बरं, डोळ्याला बरं वाटावं म्हणून उताराबरोबर तिरकी बसवायची का? मग सगळ्यांना सरळ दिसेल. पाणी मात्र खालच्या फळीशी जमेल, वरची रोपं सुकतील, खालच्यांची मुळं कुजतील. शिवाय वजन. ४० सेंमी उंचीच्या या पेटीत २८८ लिटर माती मावते. बागेची माती भिजली की चारशे किलोंच्या वर सहज. सपाट पेटीतही खालची फळी बाहेर फुगू बघते, म्हणून फळी चांगली ४ सेंमी जाड, खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि मधोमध पुढची-मागची फळी बांधून ठेवणारी आडवी पट्टी. तिरकी केली तर हा सगळा भार आणखी पुढे रेटणार. थोडक्यात, दिसायला सरळ हवी तर बसवायला वाकडी हवी. काकूंना हे सांगायला गेलो तर चहा मिळेल, पटणार नाही.

पुढच्या काठावरून लोंबणारं काहीतरी लाव, वाकडेपणा झाकेल, असा सल्ला मिळालाच आहे. नको. फळी फुगतेय का, खालच्या कडेतून माती झिरपतेय का, हे कळायची तीच एक जागा, आणि तीच झाकायची? पहिला पावसाळा तरी उघडीच राहू दे. दिसू दे वाकडी. तसंही माती पंधरा-पंधरा सेंमीचे थर भिजवत भरली तरी पुढचे काही आठवडे बसत राहणार. काठाखाली पाच सेंमी राहतील एवढी भर पुन्हा घालावी लागेल, तेव्हा पाणसळ परत लावून बघेन. माझ्यासाठी.