धमनीच्या अस्तरातला वायू

पहाटे टेकडी चढताना छातीत धडधड वाढते, तेव्हा मला हृदयापेक्षा धमन्यांच्या आतल्या, जेमतेम एका पेशीच्या जाडीच्या अस्तराचे अधिक कौतुक वाटते. वेगाने वाहणारे रक्त त्याला घासत जाते आणि तो ताण ओळखून तेथील विकर (एन्झाइम) आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायुपेशींत शिरून सायक्लिक जीएमपी हा सैलावण्याचा संकेत देणारा रेणू वाढवतो, स्नायू सैलावतात आणि धमनी रुंदावते. (नायट्रिक ऑक्साइड या संदेशवाहक रेणूचे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळाले.) नियमित व्यायामाने हे विकरच अधिक तयार होते, म्हणून रोजचे चालणे मला मोलाचे वाटते. चालून आल्यावर आईचा रक्तदाब काही वेळ किंचित खाली राहतो, हे मी घरच्या यंत्रावर अनेकदा पाहिले आहे.