पुढच्या चाकांवरची काजळी

शोरूममध्ये अलॉय व्हील पसंत करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे जाहिरातीतला रिकामा घाटरस्ता असतो. ब्रश घेऊन उकिडवे बसलेले आपण त्याला दिसत नाही. त्यामुळे तो हमखास बारीक काड्यांचं, आत कोनाकोपरे असलेलं, कडा चकचकीत तासलेलं चाक निवडतो. पाच जाड स्पोकचं साधं चाक घेणारा एकतर अनुभवी असतो, नाहीतर त्याचं बजेट संपलेलं असतं. पुढे सुखी दोघंही होतात, कारण त्यांचा हात चाकात सहज आतपर्यंत जातो. त्याहून सुखी खालच्या मॉडेलवाले. लोखंडी रिम, वर प्लॅस्टिकची व्हीलकॅप, ती पडू नये (किंवा कुणी पाडू नये) म्हणून काळ्या टॅगने आवळलेली. टॅग कापा, कॅप बादलीत बुडवा, काम संपलं.

आमची गाडी टॉप मॉडेल. म्हणून रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून चाकं घासणारी बाई म्हणजे मी. वॉचमन मामांना सुरुवातीला याचं फार वाईट वाटायचं. "मॅडम, पुसणाऱ्या पोराला सांगू का? करेल तो." गाडी घरच्या माणसाने धुवायची वेळ आली म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, असा त्यांचा समज. आता ते खुर्ची ओढून बसतात आणि सूचना करतात.

चारही चाकं एकाच रस्त्यावरून, एकाच खड्ड्यातून आणि एकाच चिखलातून जातात. तरी आठवड्याअखेर बघावं तर मागची दोन नुसती धुळकट आणि पुढची दोन काळीकुट्ट. बोट फिरवलं तर बोटाला तेलकट काजळी लागते. ही रस्त्याची घाण नव्हे, ब्रेकची. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात आणि दोघांचीही बारीक पूड झडते. त्यातले लोखंडाचे तापलेले कण रिमच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक लेपावर बसतात, ओलाव्याने गंजतात आणि तिथेच रुततात. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढच्याच ब्रेकांच्या वाट्याला. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे डिस्क नसते, बंद डब्यासारखे ड्रम असतात. त्यांची झीज आतल्या आत साठते आणि सर्व्हिसिंगला ड्रम उघडला की मेकॅनिकच्या नाकात जाते.

म्हणजे गाडी कशी चालवली जाते, हे पुढचं चाक बिनबोभाट सांगतं. आमच्याकडे तर ते फारच सांगतं. ज्या आठवड्यात नवरा गाडी हिंजवडीला नेतो, त्या आठवड्यात चाकांची कळा वेगळी. पुढचा रस्ता मोकळा दिसला की वेग घ्यायचा आणि सिग्नलच्या पट्ट्याशी येऊन कच्चकन ब्रेक दाबायचा, ही त्याची पद्धत. मी काही बोलत नाही, फडक्याची काळी बाजू तेवढी दाखवते. "ट्रॅफिकच तसा असतो तिकडे," तो म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. पण ताम्हिणी उतरून दिवेआगरला जाताना ट्रॅफिक नव्हता. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे. इंजिनाने गाडी आवरली की ब्रेकला आराम आणि चाकही स्वच्छ. त्या प्रवासानंतर रिमच्या आतल्या बाजूला कोकणची तांबडी माती होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माती पाण्याने जाते. वर बसलेली काजळी मात्र गेली नाही. घाट कोणी उतरवला होता ते मी इथे लिहीत नाही.

समोरच्या विंगेतल्या काकांनी विजेवरची गाडी घेतल्यापासून तर मला बोलायची सोय राहिलेली नाही. "काय गं, आमची चाकं बघ, महिना झाला पाणी लावलेलं नाही." खरंच त्यांची चाकं स्वच्छ असतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की त्यांच्या गाडीची मोटर उलट जनित्र होऊन वीज बॅटरीत भरते आणि त्यातच गाडीचा वेग उतरतो. पॅडला काम पडतं ते अगदी शेवटी. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली. सुरुवातीला बहुतेक पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या मोटारींना ३. मी हे काकांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतील.

धुण्याची सुरुवात चाकांपासूनच करायची. आधी टप चकचकीत करून मग चाकाला हात घातला की काळे शिंतोडे दारांवर उडतात आणि सगळं पुन्हा आलं. चाक गार असलं पाहिजे, बाहेरून आल्या आल्या त्यावर पाणी मारायचं नाही. आणि बाथरूमच्या फरशीचं ॲसिड तर बिलकूल नको, कितीही अनुभवी माणसाने सुचवलं तरी. ॲसिड काजळी काढतं आणि तिच्याबरोबर लॅकरही. खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं की पांढरट नागमोडी रेघा आतल्या आत सरकत जातात. फुटपाथला घासलेल्या कडेपाशी त्या नेमक्या सुरू होतात. माझ्या डाव्या पुढच्या चाकाला अशी एक कड आहे, आणि ती माझीच आहे, नवऱ्याची नाही.

लोखंडाच्या कणांसाठी वेगळं औषध मिळतं, अमोनियम थायोग्लायकोलेटचं. पार्लरमध्ये केस कुरळे करायला लावतात त्याच कुळातलं हे रसायन, आणि वासही तसाच, नासक्या अंड्याचा. फवारताना पाण्यासारखं असतं. दोन-तीन मिनिटांत चाकावर जांभळे ठिपके उमटतात, मग ठिपक्यांचे ओघळ होतात आणि थोड्या वेळात सगळा रिम जांभळा होऊन टपटपायला लागतो. जिथे लोखंड तिथेच रंग. मागच्या चाकावर तेच औषध मारलं तर इकडेतिकडे एखादा थेंब. तळमजल्यावरच्या आजींनी हे पहिल्यांदा गॅलरीतून बघितलं तेव्हा हाका मारमारून मला बाजूला व्हायला लावलं होतं. "अगं, त्याचं काहीतरी फुटलंय बघ! हात नको लावू!" औषध वाळू द्यायचं नसतं, त्यामुळे खुलासा करायला वेळ नव्हता.

मग ब्रश. महागडे संच मिळतात, पण नटांच्या खोबणीत फिरवायला वाण्याकडचा दाढीचा ब्रश उत्तम. हवेच्या व्हॉल्व्हभोवती जुना टूथब्रश. आतल्या गोलाईवर बॅलन्सिंगची छोटी वजनं चिकटवलेली असतात, तिथे हात जरा आवरता घ्यायचा. एखादं निघालं तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. स्पोकच्या मागची बाजू कुणाला दिसत नाही. मी तीही घासते, आणि तेवढ्यात मामा म्हणतात, "ते कशाला, मॅडम?" याला उत्तर नाही.

गाडीच्या अंगाबद्दल मला फार सांगायचं नाही, एका गोष्टीशिवाय. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहून पातळ, आणि रोज पहाटे त्यावर धुळीचं फडकं फिरतं. पुसणाऱ्या पोराचा दोष नाही. सात वाजायच्या आत अख्खी विंग उरकायची, बादली एक, फडकं एक आणि महिन्याला मिळणारे पैसे किती ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या फडक्यातली वाळू रंगावर गोल गोल ओरखडे काढते आणि दुपारच्या उन्हात ते बॉनेटवर उमटून दिसतात. म्हणून दोन बादल्या ठेवायच्या, एक शांपूची आणि एक हात खळबळायची, आणि वरून खाली यायचं. पाइप लावायचा नाही. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत असताना पाइप लावणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लावला होता. बोअरचं पाणी वापरावं तर ते जड, वाळलं की काळ्या काचांवर क्षारांचे पांढरे गोल उठतात, म्हणून लगेच टिपून घ्यायचं. शेवटी मेण. चांगल्या डबीत कार्नौबा असतं, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही तेच चढवतात.

एवढं सगळं दसऱ्याला मात्र उपयोगाचं नाही. आदल्या दिवशी मेण लावून आरशासारखं केलेलं बॉनेट आणि सकाळी त्यावर सासूबाईंचं ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ वायपरला बांधलेली, चाकाखाली लिंबू. मी तेव्हा गप्प असते. हळदीचा डाग उन्हाने आपोआप फिका पडतो, आणि लिंबू मी धुतलेल्या चाकाखाली ठेवावं एवढीच माझी अट असते.

धुऊन झाल्यावर खरं तर एक चक्कर मारून ब्रेक वाळवायला हवेत. रविवारी तेवढा उत्साह उरत नाही. मग सोमवारी सकाळी स्वच्छ, चंदेरी स्पोकांच्या मागे डिस्क नारिंगी झालेली असते. बिडाला रात्रभर ओल लागली की एवढं व्हायचंच. मामा काळजीने वाकून बघतात, "मॅडम, गंज चढला की!" मी सांगते, काही नाही मामा, गेटपर्यंत जाईल तो. आणि जातोच. स्पीडब्रेकरपाशी नवरा कच्चकन ब्रेक दाबतो, पॅड तो गंज खरवडून काढतात आणि सगळी पूड जाऊन बसते ती पुढच्या चाकांवर.